गणना, ओळख आणि गोपनीयता : शासकीय पाहणीतील लिंगभावाचा रकाना

उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर तुम्हाला
• लिंग, लिंगभाव ओळख आणि लैंगिक कल या संज्ञांमधील भेद स्पष्ट करता येईल.
• शासकीय गणनेत या बाबींची नोंद घेण्यासंबंधीची भारतातील कायदेशीर चौकट सांगता येईल.
• २०११ च्या जनगणनेतील ‘इतर’ या वर्गाच्या आकड्यांचा अर्थ आणि त्याच्या मर्यादा विशद करता येतील.
• प्रश्नाची भाषा आणि मिळणारे उत्तर यांचा संबंध उदाहरणांनी दाखवता येईल.

१. प्रास्ताविक

सोलापूरहून पुण्याच्या दिशेने निघाले की मोहोळच्या अलीकडे चिंचोळी एमआयडीसी लागते. तुमच्यापैकी काही जण अशाच एखाद्या औद्योगिक वसाहतीत पाळी सांभाळून हा अभ्यासक्रम पूर्ण करीत असतील. अशा वसाहतीतील कामगाराची नोंद किती ठिकाणी होते, याचा विचार करा. कारखान्याचे हजेरीपत्रक, भविष्यनिर्वाह निधीचा अर्ज, कंत्राटदाराची वही, शिधापत्रिका, मतदारयादी आणि जनगणना. या बहुतेक नोंदींत नावाच्या आसपास ‘लिंग’ हा छोटा रकाना असतो. आपल्यापैकी बहुतेकांना तो भरताना क्षणभरही थांबावे लागत नाही. ज्यांना थांबावे लागते, त्यांच्यासाठी मात्र तो रकाना म्हणजे एक पेच असतो. खरे लिहिले तर खोली आणि काम दोन्ही जाण्याची भीती असते. खोटे लिहिले तर शासनाच्या लेखी आपण अस्तित्वातच नसतो.

मोजले जाण्याचा हक्क आणि उघडे न पडण्याचा हक्क या दोहोंचा मेळ कायद्याने कसा घालावा, हा या घटकाचा मध्यवर्ती प्रश्न आहे.

२. विषय-विवेचन

२.१ तीन संज्ञा

प्रथम तीन संज्ञा वेगळ्या करून घेऊ. जन्माच्या वेळी शरीरावरून जी नोंद होते ते ‘लिंग’. व्यक्ती स्वतःला पुरुष, स्त्री किंवा या दोहोंपलीकडील मानते, ती तिची ‘लिंगभाव ओळख’. व्यक्तीला कोणाविषयी आकर्षण वाटते, हा तिचा ‘लैंगिक कल’. या तीन बाबी परस्परांवरून ठरत नाहीत. पारलिंगी स्त्रीचा लैंगिक कल कोणताही असू शकतो, आणि समलिंगी पुरुषाची लिंगभाव ओळख पुरुष हीच असते.

भारतातील शासकीय गणनेचा संबंध आजवर पहिल्या आणि काही अंशी दुसऱ्या बाबीशी आला आहे. लैंगिक कलाविषयीचा प्रश्न आपल्या जनगणनेत कधीही विचारला गेलेला नाही.

२.२ नोंदवहीचा इतिहास

नोंद होणे नेहमीच हिताचे असते, असे मानण्याचे कारण नाही. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा तुम्हाला भटक्या-विमुक्तांच्या संदर्भात माहीत असेल. सोलापुरातील ‘सेटलमेंट’ हा भाग याच कायद्याच्या परंपरेची खूण आहे. तारेच्या कुंपणाआड माणसे ठेवायची आणि त्यांची हजेरी घ्यायची, ही त्या व्यवस्थेची रीत होती. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी या जमाती विमुक्त झाल्या.

या कायद्याला दुसरा भागही होता, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. त्या भागाने उत्तर हिंदुस्थानातील काही प्रांतांत तृतीयपंथीयांची नावे, पत्ते आणि मालमत्ता यांची नोंदवही ठेवण्याची तरतूद केली. त्या नोंदवहीतील व्यक्ती सार्वजनिक ठिकाणी स्त्रीवेषात दिसली किंवा तिने नाचगाणे केले, तर तिला विना-वॉरंट अटक करता येत असे आणि दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकत असे. म्हणजे शासनाने या समूहाची पद्धतशीर नोंद करण्याचे ठरवले ते शिक्षा करण्यासाठी. आज प्रगणक दारात आला असता एखादी व्यक्ती उत्तर द्यायला कचरत असेल, तर तिच्या संकोचामागे हा इतिहासही उभा आहे, हे लक्षात घ्यावे.

२.३ २०११ ची जनगणना

२०११ च्या जनगणनेत पुरुष आणि स्त्री यांच्या जोडीला ‘इतर’ हा तिसरा संकेतांक प्रथमच देण्यात आला. त्याखाली देशभरात ४,८७,८०३ आणि महाराष्ट्रात ४०,८९१ व्यक्तींची नोंद झाली. या गटातील साक्षरतेचे प्रमाण ५६.०७ टक्के होते. त्याच वेळी देशाचे प्रमाण सुमारे ७४ टक्के होते. शाळा अर्ध्यावर सुटणे ही या समूहाची सार्वत्रिक अडचण आहे, ही गोष्ट या एका तुलनेमुळे शासकीय कागदावर आली. आकड्याचे सामर्थ्य ते हेच.

आता या आकड्याच्या मर्यादा पाहू. पहिली मर्यादा जनगणना कार्यालयानेच नमूद केली होती. ‘इतर’ म्हणजे केवळ तृतीयपंथी नव्हेत. ज्यांनी ज्यांनी स्वतःची नोंद या वर्गात व्हावी असे सांगितले, ते सर्व त्यात आले. उलट अनेक पारलिंगी व्यक्तींनी आपली नोंद पुरुष किंवा स्त्री अशीच केली असण्याचीही शक्यता आहे.

दुसरी मर्यादा अधिक बोलकी आहे. ४,८७,८०३ पैकी ५४,८५४ ही शून्य ते सहा वर्षे वयाची मुले होती. ‘मी स्वतःला कोण मानतो’ याचे उत्तर दोन वर्षांच्या मुलाने दिले असणार नाही. ते उत्तर घरातील मोठ्यांनी दिले किंवा प्रगणकाने लिहिले. जनगणनेत घरातील एक माणूस सर्वांच्या वतीने बोलतो. ज्या तरुणाने किंवा तरुणीने आपली ओळख घरात सांगितलेलीच नाही, त्यांची नोंद मग त्यांच्या अपरोक्ष होते. चिंचोळीसारख्या ठिकाणी एका खोलीत चार-पाच कामगार राहत असतील आणि दार उघडणारा एकच जण सर्वांची माहिती सांगत असेल, तर हीच अडचण तेथेही येणार.

तिसरी मर्यादा मोजणीच्या पद्धतीची. २०११ मध्ये बिहारमध्ये ‘इतर’ म्हणून ४०,८२७ व्यक्तींची नोंद झाली होती. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच राज्याच्या जातनिहाय गणनेत तृतीयपंथीयांची संख्या ८२५ एवढीच आली. त्या गणनेत तृतीयपंथी ही ओळख जातींच्या यादीत एका संकेतांकाने दाखवली गेली होती आणि त्यावर आक्षेपही घेतले गेले. ज्या व्यक्तीला जात आहे आणि लिंगभाव ओळखही आहे, तिने यांपैकी एकच का निवडावे? बारा वर्षांत एवढी माणसे नाहीशी होत नाहीत. आकडा आटला, कारण रकाना चुकीच्या जागी होता.

२.४ कायद्याची चौकट

जनगणना कायदा, १९४८ नुसार प्रगणकाने विचारलेल्या प्रश्नांना आपल्या माहितीप्रमाणे उत्तर देणे नागरिकावर बंधनकारक आहे. त्याच कायद्याच्या कलम १५ नुसार व्यक्तीची नोंद कोणालाही पाहता येत नाही आणि ती पुरावा म्हणूनही वापरता येत नाही. सक्ती आणि गोपनीयता या येथे एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत.

कलम ८ मधील एक अपवाद मराठी वाचकाला विशेष रोचक वाटावा. घरातील स्त्रीचे नाव सांगण्यास कोणी बांधील नाही. तसेच रूढीने ज्याचे नाव घ्यायचे नाही, अशा पतीचे किंवा अन्य व्यक्तीचे नाव सांगण्यास स्त्री बांधील नाही, असे तेथे म्हटले आहे. पतीचे नाव उखाण्याशिवाय न घेण्याची रीत आपल्याला परिचित आहे. या संकोचाला १९४८ च्या कायद्याने मान दिला. सक्तीच्या गणनेतही एखादे उत्तर न देण्याची मुभा ठेवता येते, हे तत्त्व आपल्या कायद्याला अपरिचित नाही, असा याचा अर्थ.

पुढील टप्पे न्यायालयीन निर्णयांचे आहेत. १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘नालसा’ खटल्यात आपली लिंगभाव ओळख स्वतः ठरवण्याचा व्यक्तीचा अधिकार मान्य केला आणि तृतीयपंथीयांना सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास मानून आरक्षण देण्याचे निर्देश शासनाला दिले. असे धोरण आखायचे तर संख्या हवी. २४ ऑगस्ट २०१७ च्या पुट्टस्वामी निकालाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरला. ६ सप्टेंबर २०१८ रोजी नवतेजसिंग जोहर खटल्यात प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेबाहेर आले. या निकालाआधी लैंगिक कलाविषयीचा प्रश्न विचारणे म्हणजे नागरिकाकडून गुन्ह्याची कबुली मागण्यासारखेच झाले असते.

२०१९ मध्ये तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्याच्या मूळ पाठातील कलम ४ ने स्वतःला जाणवणारी ओळख मान्य केली, तर त्यापुढील कलमांनी जिल्हा दंडाधिकाऱ्याच्या प्रमाणपत्राची पद्धत घातली. कलम ९ ने नोकरीत भेदभाव करण्यास आस्थापनांना मनाई केली. त्यात चिंचोळीतील कारखानेही आले. या संदर्भात एक भेद ध्यानात ठेवा. प्रमाणपत्र हे लाभासाठी असते व त्यावर नाव असते. गणना ही समूहाच्या चित्रासाठी असते व तिच्या निष्कर्षांत नाव नसते. प्रमाणपत्रांची संख्या म्हणजे समूहाची संख्या असे मानणे चूक ठरेल. कायद्यांत वेळोवेळी दुरुस्त्या होत असल्याने कोणतेही कलम उद्धृत करताना त्याचा चालू पाठ पाहण्याची सवय ठेवा.

रकाना नसल्याने काय होते, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. डिसेंबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयासमोर पोलीस भरतीच्या अर्जाचा प्रश्न आला. अर्जात दोनच पर्याय असल्याने तृतीयपंथी उमेदवारांना अर्जच भरता येत नव्हता. न्यायालयाने कठोर भूमिका घेतल्यावर तिसरा पर्याय देण्याचे शासनाने मान्य केले.

२.५ परदेशातील एक प्रयोग

इंग्लंड आणि वेल्समध्ये २०१९ मध्ये यासाठी स्वतंत्र कायदा करण्यात आला. त्यानुसार २०२१ च्या जनगणनेत सोळा वर्षांवरील व्यक्तींना लैंगिक कल आणि लिंगभाव ओळख या दोहोंविषयी प्रश्न विचारले गेले. उत्तर देणे ऐच्छिक होते आणि न देणाऱ्याला दंड नव्हता. लैंगिक कलाच्या प्रश्नाला ७.५ टक्के लोकांनी उत्तर दिले नाही. उरलेल्या बहुसंख्य लोकांनी मात्र दिले. ऐच्छिक ठेवल्याने प्रश्न निरुपयोगी होतो, ही शंका त्यामुळे बरीचशी दूर झाली.

लिंगभाव ओळखीच्या प्रश्नात मात्र वेगळीच अडचण निघाली. प्रश्नाची वाक्यरचना गुंतागुंतीची होती. ज्यांची इंग्रजी कच्ची होती, अशा काही लोकांना तो समजला नसावा, असे निष्कर्ष तपासताना दिसून आले. २०२४ मध्ये या आकड्यांचा ‘प्रमाणित’ दर्जा काढून घेण्यात आला. एका वाक्याने लाखोंच्या गणनेवर प्रश्नचिन्ह लावले.

अमेरिकेत अशी माहिती सर्व संघीय पाहण्यांत गोळा करण्याचे विधेयक २०२२ मध्ये प्रतिनिधीगृहाने संमत केले. परंतु त्याचा कायदा झाला नाही.

२.६ प्रश्नाची भाषा

भाषेचे विद्यार्थी म्हणून हा भाग तुमच्या खास अभ्यासाचा आहे. मराठीत ‘मी काम करतो’ किंवा ‘मी काम करते’ असे म्हणताच बोलणाऱ्याचे लिंग क्रियापदातून कळते. प्रगणकाला वाटेल की वेगळे विचारायची गरज काय? पण हे अनुमान फसवे आहे. दक्षिण महाराष्ट्राच्या काही बोलींत स्त्रियाही ‘मी जातो’ म्हणतात. सोलापुरात मराठीबरोबर तेलुगू आणि कन्नड घराघरांत बोलली जाते, आणि त्या भाषांत प्रथमपुरुषी क्रियापदाला लिंगाची खूण नसते. म्हणून अनुमान न करता विचारावे, हेच योग्य.

विचारताना आदरार्थी रूप उपयोगी पडते. ‘तुम्ही कुठे काम करता?’ या वाक्यात समोरच्याचे लिंग गृहीत धरले जात नाही. ‘लिंगाच्या रकान्यात तुमची नोंद कशी करू?’ हा प्रश्न त्याच रीतीचा आहे. शब्दांची निवडही जपून करावी. ‘तृतीयपंथी’ हा रूढ शब्द सर्वांना आपला वाटेलच असे नाही. काही जण ‘पारलिंगी’ हा शब्द पसंत करतात. ‘इतर’ या शब्दात तर ‘उरलेसुरले’ अशी छटा येते. रकान्याचे नाव हेही समाजाचे मत असते.

३. सारांश

लिंगभाव ओळखीची गणना झाल्याशिवाय शिक्षण, आरोग्य आणि रोजगार यांची धोरणे अंदाजावरच आखावी लागतात. परंतु असुरक्षित गणना व्यक्तीला धोक्यात टाकते, हे १८७१ च्या नोंदवहीने दाखवून दिले आहे. म्हणून उत्तर स्वतः देण्याची सोय, न देण्याची मुभा, गोपनीयतेची कायदेशीर हमी आणि समजेल अशी भाषा, या चार अटी महत्त्वाच्या ठरतात. लैंगिक कलाच्या बाबतीत त्या अधिकच काटेकोरपणे पाळल्या पाहिजेत, कारण ती बाब पाहणाऱ्याला दिसत नाही. ती केवळ विश्वासाने सांगितली जाते.

४. स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

(१) २०११ च्या जनगणनेतील ‘इतर’ हा आकडा तृतीयपंथीयांची संख्या म्हणून का घेता येत नाही?
(२) जनगणना कायद्याच्या कलम ८ मधील अपवाद प्रस्तुत विषयाशी कसा जोडता येईल?
(३) प्रमाणपत्र आणि गणना यांतील फरक सांगा.

५. क्षेत्रीय कार्य

तुमच्या कामाच्या ठिकाणी किंवा परिसरात वापरात असलेले कोणतेही पाच कोरे अर्ज मिळवा. त्यांतील लिंगविषयक रकान्याचे शब्द, पर्याय आणि त्यांचा क्रम यांची नोंद करा. प्रत्येक अर्जाला ही माहिती खरोखर लागते का, ते ठरवा आणि जेथे लागते तेथे तो प्रश्न मराठीत नव्याने लिहा. कोणत्याही व्यक्तीला तिच्या ओळखीविषयी अथवा लैंगिक कलाविषयी विचारू नका. या कार्यासाठी कोरा अर्ज पुरेसा आहे.