कंपाऊंड धनुष्यातील लेट-ऑफ

लेट-ऑफ ही कंपाऊंड धनुष्याशी निगडित संज्ञा आहे. प्रत्यंचा ओढताना जाणवणारा सर्वाधिक भार आणि पूर्ण ओढ झाल्यावर नेम धरून थांबताना उरणारा भार यांमधील घट टक्क्यांत मोजली जाते; तिला लेट-ऑफ म्हणतात. उदाहरणार्थ, ६० पौंड (सुमारे २७ किलोग्रॅम) कमाल भाराच्या धनुष्याचा लेट-ऑफ ८० टक्के असेल, तर पूर्ण ओढीत १२ पौंड (सुमारे ५.४ किलोग्रॅम) भार उरतो. या उरलेल्या भारास प्रस्तुत लेखात 'धारणभार' म्हटले आहे. लेट-ऑफची निवड ही वस्तुतः धारणभाराची निवड असते.

पार्श्वभूमी

साध्या किंवा रिकर्व्ह धनुष्यात प्रत्यंचा जितकी मागे जाते तितका भार वाढत जातो. त्यामुळे नेम धरण्याच्या क्षणीच धनुर्धरावर सर्वाधिक ताण येतो. अमेरिकेतील मिसुरी राज्याचे रहिवासी हॉलेस विल्बर ॲलन यांनी धनुष्याच्या टोकांना विकेंद्री चाके बसवून ही अडचण दूर केली. त्यांनी १९६६ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला व १९६९ मध्ये त्यांना पेटंट मिळाले. गोल चाकांच्या जुन्या धनुष्यांत भार साधारणपणे निम्म्याने घटत असे. पुढे चाकांची जागा विशिष्ट आकाराच्या कॅमनी घेतली आणि हे प्रमाण वाढत गेले. आज शिकारीसाठी विकल्या जाणाऱ्या अनेक धनुष्यांत ते ८० ते ९० टक्के असते; लक्ष्यवेधाच्या धनुष्यांत ते बहुधा त्याहून कमी ठेवले जाते.

कार्यपद्धती

कॅमवर एका बाजूने प्रत्यंचा व दुसऱ्या बाजूने केबल गुंडाळलेली असते. ओढीच्या आरंभी केबलच्या तुलनेत प्रत्यंचेला लाभणारी तरफेची भुजा लहान असते, म्हणून भार झपाट्याने वाढतो. ओढीच्या अखेरीस कॅम फिरून प्रत्यंचेची भुजा लांब व केबलची भुजा आखूड होते आणि थोडक्या बलाने प्रत्यंचा धरून ठेवता येते. या वेळी धनुष्याच्या लवचिक पात्या, म्हणजे लिम्ब, मात्र सर्वाधिक वाकलेल्या असतात. त्यांचा ताण केबलवर पेललेला असतो, नाहीसा झालेला नसतो. म्हणूनच धारणभार कमी असूनही साठलेली ऊर्जा बाणाला मिळते.

टक्केवारी आणि धारणभार

केवळ टक्केवारीवरून धनुष्य हाताला कसे लागेल, हे कळत नाही. पुढील उदाहरणांवरून ते स्पष्ट होईल.

– ७० पौंड कमाल भार, ८० टक्के लेट-ऑफ : धारणभार १४ पौंड
– ४० पौंड कमाल भार, ६५ टक्के लेट-ऑफ : धारणभार १४ पौंड
– ४० पौंड कमाल भार, ८५ टक्के लेट-ऑफ : धारणभार ६ पौंड

पहिल्या दोन धनुष्यांची टक्केवारी भिन्न असूनही नेम धरताना हातावर येणारा भार सारखाच आहे. दुसऱ्या व तिसऱ्या धनुष्याचा कमाल भार सारखा असून धारणभारात मात्र दुपटीहून अधिक अंतर आहे. प्रौढ शिकाऱ्यासाठी योग्य ठरलेली टक्केवारी हलके धनुष्य वापरणाऱ्या विद्यार्थ्यास जशीच्या तशी लागू पडत नाही, याचे कारण हेच.

अधिक लेट-ऑफचे परिणाम

धारणभार कमी असल्यास स्नायू लवकर थकत नाहीत व नेम अधिक वेळ धरता येतो. सावज योग्य स्थितीत येईपर्यंत वाट पाहणाऱ्या शिकाऱ्यास हा मोठाच लाभ आहे. परंतु प्रत्यंचा सैलपणे धरली गेली, की लहानसहान दोषही बाणाच्या मार्गात उमटतात. मुठीला दिलेला किंचित पीळ किंवा गालाचा प्रत्यंचेवर पडलेला दाब यांमुळे बाण बाजूला जातो. पाठीच्या स्नायूंनी मागे खेचत राहण्याची जाणीवही क्षीण होते.

कमी लेट-ऑफचे परिणाम

धारणभार पुरेसा असला, की धनुष्याची मूठ व प्रत्यंचा यांमध्ये ताण टिकून राहतो, धनुष्य एका रेषेत स्थिर होते आणि बाण सुटण्याची क्रिया स्वच्छ होते. जड स्टॅबिलायझर वापरणाऱ्या खेळाडूंना याचा विशेष उपयोग होतो. मात्र नेम धरण्याचा अवधी कमी होतो. भार सोसवेनासा झाला, की प्रत्यंचा नकळत पुढे सरकते, थरथर वाढते आणि बाण घाईने सोडला जातो.

स्पर्धा व नियम

जागतिक तिरंदाजी महासंघाच्या नियमांनुसार कंपाऊंड धनुष्याचा कमाल भार ६० पौंडांहून अधिक असू नये. मैदानी स्पर्धेत ५० मीटर अंतरावरून नेम साधायचा असतो व दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास ८ सेंटीमीटर असतो. पात्रता फेरीत ७२ बाण मारावे लागतात. वैयक्तिक लढतीत खेळाडू आळीपाळीने बाण मारत असतील, तर प्रत्येक बाणासाठी २० सेकंद मिळतात. म्हणजे खेळाडूला फार वेळ थांबण्याची गरज नसते. ७२ वेळा तीच कृती तितक्याच स्थिरतेने करता येणे आवश्यक असते. उत्तर अमेरिकेतील धनुष्य-शिकारीच्या नोंदी ठेवणाऱ्या पोप अँड यंग क्लबने एके काळी ६५ टक्क्यांची मर्यादा घातली होती. पुढे ती शिथिल झाली.

भारतात वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये शिकारीवर बंदी असल्याने येथे कंपाऊंड धनुष्य हे मुख्यत्वे लक्ष्यवेधाचे साधन आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिन येथील जागतिक स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी व नागपूरचा ओजस देवतळे यांनी या प्रकारात वैयक्तिक सुवर्णपदके मिळवली. त्यानंतर महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांत या धनुष्याविषयी कुतूहल वाढणे स्वाभाविक आहे. शिकारी धनुष्यांच्या जाहिरातींतील मोठ्या टक्केवारीकडे अशा नवोदितांनी सावधपणे पाहावे.

निवडीची पद्धत

प्रथम कमाल भार ठरवावा. धनुष्य लक्ष्याच्या पातळीवर धरून, ते आकाशाकडे न उचलता व शरीराला हिसका न देता प्रत्यंचा मागे आणता आली पाहिजे. लेट-ऑफ कितीही अधिक असला तरी कमाल भार ओलांडावाच लागतो. शेवटी हाती येणाऱ्या हलकेपणावर विसंबून पेलवणार नाही असे धनुष्य घेतल्यास खांद्याला इजा होण्याचा धोका असतो. बाण न मारता प्रत्यंचा परत पुढे नेतानाही हा सारा भार एकाएकी हातावर येतो.

त्यानंतर ताणकाट्याने कमाल भार व धारणभार प्रत्यक्ष मोजावेत. घर्षणामुळे ओढताना व परत सोडताना येणारी मापे भिन्न असतात; त्यामुळे निर्मात्यांनी दिलेली टक्केवारी मोजण्याच्या पद्धतीनुसार बदलू शकते. अनेक धनुष्यांत कॅमवरील मॉड्यूल बदलून किंवा ओढ थांबवणारा खिळा सरकवून लेट-ऑफ कमीअधिक करता येतो. अशा बदलाने ओढीची लांबीही थोडी बदलू शकते, म्हणून ती व दोन्ही कॅमचा मेळ पुन्हा तपासावा.

एका वेळी एकच बदल करून काही दिवस सराव करावा आणि सरावाच्या आरंभीच्या व अखेरच्या बाणांची तुलना करावी. आरंभीचे बाण एकत्र लागून अखेरचे विखुरत असतील, तर धारणभार अधिक असण्याची शक्यता असते. थकवा नसतानाही बाण डावीउजवीकडे जात असतील, तर मुठीची पकड तपासून मग लेट-ऑफ थोडा कमी करून पाहावा.

सुरक्षितता

बाण न लावता प्रत्यंचा कधीही सोडू नये. साठलेली ऊर्जा बाणाला न मिळता धनुष्यावरच आदळते व ते फुटू शकते. केबल किंवा कॅम उतरवण्याचे काम बो-प्रेसच्या साहाय्याने, जाणकाराच्या देखरेखीखालीच करावे.