फळीवरची मारामारी: कार्टूनच्या गेममध्ये काय जमतं, काय अडतं

मारामारीच्या व्हिडिओ गेमची जुनी रीत बहुतेकांनी पाहिलेली असते. दोघं समोरासमोर उभे, दोघांच्या डोक्यावर एकेक पट्टी. ठोसा बसला की पट्टी आखूड होते, पट्टी संपली की खेळ संपला. कार्टूनमधली पात्रं ज्यात एकमेकांना भिडतात, त्या गेमची जात वेगळी आहे. 'प्लॅटफॉर्म फायटर' म्हणतात तिला. इथे समोरच्याचा जीव संपवायचा नसतो, त्याला मैदानाबाहेर उडवायचं असतं. मैदान म्हणजे हवेत तरंगणारी एक मोठी फळी, तिच्यावर दोन-तीन लहान फळ्या आणि चारी बाजूंना मोकळी जागा. पडद्याच्या कडेपलीकडे गेलात की एक लाईफ गेली.

बाजूला बसून बघणाऱ्या मोठ्या माणसाला यातलं काही कळत नाही. चार रंगीत आकृत्या उड्या मारतात, मध्येच एक दिसेनाशी होते, पोरं ओरडतात. ते कळायला एका आकड्याकडे लक्ष ठेवलं तरी पुरतं.

प्रत्येक पात्राच्या नावाशी हा आकडा असतो. तो शून्यापासून सुरू होतो आणि मार बसेल तसा वर चढतो. आकडा जितका मोठा, तितकं पुढच्या फटक्याला पात्र लांब फेकलं जातं. शून्यावर असताना जो फटका दोन पावलं मागे ढकलतो, तोच शंभरच्या पुढे गेल्यावर थेट पडद्याबाहेर घालवतो. म्हणून जोराचा फटका सुरुवातीलाच वापरून फायदा नसतो. आधी हलक्या फटक्यांनी आकडा चढवायचा, मग जोराचा मारायचा. पात्राचं वजनही यात धरलेलं असतं. अंगाने आडवं पात्र लवकर उडत नाही, पण फटका चुकवणंही त्याला जड जातं. हलकं पात्र चपळ असतं आणि एका चांगल्या फटक्यात जातं.

खरा खेळ फळीच्या बाहेर आहे. उडालेलं पात्र हवेतून परत येऊ शकतं. हवेत आणखी एक उडी असते, बहुतेकांकडे वर झेपावणारा एखादा खास डाव असतो. परत येणारा कुठून येणार याचा अंदाज बांधून दुसरा काठावर थांबतो आणि त्याला पुन्हा बाहेर ढकलतो. नवशिक्यांच्या बहुतेक लाईफ इथेच जातात. घाबरून ते उडी आणि खास डाव दोन्ही एकदम वापरून टाकतात, मग हातात काही उरत नाही. शिकणाऱ्याने सुरुवातीला मारणं बाजूला ठेवून नुसतं परत यायचा सराव करावा, असं माझं मत आहे.

ही रचना जपानच्या मासाहिरो साकुराई यांची. एका गेम पार्लरमध्ये 'किंग ऑफ फायटर्स ९५' खेळताना आपण समोरच्याला सहज हरवलं आणि मग कळलं की तिथे एक नवखं जोडपं बसलं होतं, ही आठवण त्यांनी सांगितली आहे. ती त्यांना लागली. नवख्यालाही खेळता येईल अशी मारामारी करायची, या विचाराने त्यांनी 'ड्रॅगन किंग' नावाचा नमुना तयार केला. प्रोग्रॅमिंगला सातोरू इवाता होते, जे पुढे निन्टेंडोचे अध्यक्ष झाले. नमुन्यातल्या आकृत्यांना ओळख नव्हती, नुसती शरीरं होती. मारणं, उडणं, परत येणं नीट जमल्यावर त्या शरीरांवर मारिओ, डाँकी काँग अशी माहीत असलेली पात्रं बसवली. जानेवारी १९९९ मध्ये हा गेम १२ पात्रांसह जपानमध्ये आला, जपानबाहेर तो 'सुपर स्मॅश ब्रदर्स' म्हणून ओळखला जातो. त्यानंतरचे या जातीचे सगळे गेम त्याचे ऋणी आहेत. आधी हालचाल आणि मग चेहरा, हा त्याचा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण कार्टूनवाल्या गेममधलं बरंवाईट तिथेच ठरतं.

चेहऱ्याचं काम मात्र दुय्यम नाही. चार पात्रं एकदम धावत असताना आपलं कुठलं आणि समोरचा कोणता डाव टाकतोय, हे क्षणाच्या एका तुकड्यात कळावं लागतं. तिथे रंग आणि बारकावे उपयोगी पडत नाहीत, बाह्याकृती उपयोगी पडते. पेणच्या कारखान्यांत, हमरापूर-जोह्याच्या शेडमध्ये ओळीने ठेवलेल्या कच्च्या गणेशमूर्ती ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हे सांगावं लागणार नाही. रंग नाही, डोळ्यांची आखणी नाही, तरी जाणता माणूस बैठकीवरून, खांद्याच्या वळणावरून लांबूनच सांगतो, हा लालबाग, हा दगडूशेठ. चांगलं कार्टून पात्र काढतानाही हीच कसोटी लावतात. सगळं काळं करून टाकलं तरी स्पंजबॉब चौकोनीच दिसला पाहिजे. त्यामुळे कार्टूनच्या गेमला एक मोठी सोय आयती मिळते, त्याची पात्रं आधीच अशी घडवलेली असतात. तरी आकृती आली म्हणजे स्वभाव आला असं होत नाही. स्वभाव फटक्यांत उतरावा लागतो.

त्याचा मला आवडणारा नमुना 'मल्टिव्हर्सस' या गेममध्ये आहे. त्यात टॉम आणि जेरी मिळून एकच पात्र आहे. हे दोघं समोरच्याशी लढत नाहीत, एकमेकांशी लढतात. टॉम जेरीवर हातोडा उगारतो आणि मध्ये सापडलेल्या प्रतिस्पर्ध्याला तो लागतो. १९४० पासून हे दोघं जे करत आले तेच इथे करतात आणि त्याचीच मारामारी होते.

आता 'निकेलोडियन ऑल-स्टार ब्रॉल'कडे वळू, कारण या जातीची ताकद आणि दुबळेपण दोन्ही त्याच्यात स्पष्ट दिसतं. स्वीडनच्या लुडोसिटी आणि कोस्टा रिकाच्या फेअर प्ले लॅब्स या कंपन्यांनी तो घडवला, ऑक्टोबर २०२१ मध्ये तो बाजारात आला. २० पात्रं होती. स्पंजबॉब, पॅट्रिक, आंग, टॉफ, निन्जा कासवांपैकी लिओनार्दो आणि मायकेलअँजेलो, डॅनी फँटम, कॅटडॉग वगैरे. लुडोसिटीने याआधी 'स्लॅप सिटी' हा याच जातीचा गेम केला होता, त्यामुळे हालचालीचं गणित त्यांना पाठ होतं. ते ऑल-स्टार ब्रॉलमध्ये पुरेपूर उतरलं. वेग मोठा. हवेत कुठल्याही दिशेला झेप घेता येते, आणि तीच झेप तिरकी जमिनीकडे घेतली की पात्र घसरत पुढे जातं. स्मॅशच्या २००१ च्या 'मेली' या भागात ही घसरण खेळाडूंना अवघड कसरत करून मिळवावी लागे, इथे ती सहज जमते. तोंड एका दिशेला ठेवून मागे सरकायचं वेगळं बटण आहे. समोरून फेकलेली वस्तू झेलून उलट मारता येते. आठ-दहा सामन्यांनंतर बोटांना लय सापडते आणि मग थांबावंसं वाटत नाही. या गेमची ही बाजू मला आजही फार थोर वाटते.

आणि हाच गेम बाजारात आला तेव्हा मुका होता. एकाही पात्राला आवाज नव्हता. स्पंजबॉब आहे आणि त्याचं हसणं नाही, हे ज्याने ते कार्टून पाहिलंय त्याला आतून खुपतं. एकट्याने खेळायच्या भागात पात्रं एकमेकांशी बोलत, तीही नुसत्या लिहिलेल्या ओळींतून. मालिकांची ओळखीची गाणी नाहीत. मैदानात सापडणाऱ्या, उचलून मारायच्या वस्तू नाहीत. पात्रांना दुसरे कपडेही नाहीत. सांगाडा उत्तम आणि वर काही नाही, अशी त्याची अवस्था होती. स्पर्धा खेळणाऱ्यांना त्याचं फारसं काही वाटलं नाही, पण गेम विकत घेणारे बहुसंख्य लोक स्पंजबॉबसाठी येतात. आवाज आणि वस्तू जून २०२२ मध्ये आल्या, त्याही फुकट. पण तोवर पहिली गर्दी निघून गेली होती. दुसरा भाग नोव्हेंबर २०२३ मध्ये आला, २५ पात्रं, सुरुवातीपासून आवाज आणि एकट्याने खेळायला बऱ्यापैकी मोठी मोहीम. खास डावांना बळ देणारी 'स्लाइम'ची पट्टीही त्यात आहे. पहिल्या भागाची उणीव कुठे होती हे घडवणाऱ्यांना कळलं होतं, ते त्यात दिसतं.

पहिल्या भागाची आणखी एक बाजू भक्कम होती, ती नेटवर खेळण्याची. ती जरा सावकाश पाहावी लागेल.

समजा एक मावसभाऊ पेणला आणि दुसरा रोह्याला. रेल्वेने कासू, नागोठणे, निडी करत चाळीसेक किलोमीटर. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे सरळ तार असती तर बटण दाबल्याची खबर सेकंदाच्या पाच हजाराव्या भागात पोचली असती. पण तार सरळ नसते. माहिती आधी नेट कंपनीच्या मोठ्या शहरातल्या केंद्रात जाते, तिथून वळून येते. मध्ये मोबाईलचा टॉवर असला तर आणखी उशीर. सामना सिंगापूरच्या सर्व्हरवरून चालला तर मुंबईपासून एका बाजूचंच अंतर सुमारे ३,९०० किलोमीटर आहे, जाऊन-येऊन ४० मिलिसेकंद प्रकाशालाच लागणार. वाटेतली यंत्रं आपला वेळ वेगळा घेतात.

गेममध्ये सेकंदाला ६० चित्रं हलतात, एका चित्राला साधारण १७ मिलिसेकंद. ५० मिलिसेकंदांचा उशीर म्हणजे तीन चित्रं. जुनी पद्धत अशी की समोरच्याची खबर येईपर्यंत दोन्हीकडचा गेम थांबून राहायचा. मग बटण दाबलं तरी पात्र हलत नाही, सगळं चिखलात चालल्यासारखं होतं. पोरं त्याला 'लॅग' म्हणतात आणि तो आला की कंट्रोलर खाली ठेवतात.

'रोलबॅक' पद्धत थांबत नाही. रोह्याची खबर आली नसेल तर पेणचा गेम अंदाज करतो की भाऊ मघाशी करत होता तेच करत असेल. अंदाज बहुधा बरोबर ठरतो, कारण माणूस दर चित्राला बटण बदलत नाही, पळत असेल तर पुढची काही चित्रं पळतच असतो. खबर आली आणि अंदाज चुकलेला निघाला, तर गेम ती दोन-तीन चित्रं मागे जातो, खऱ्या बटणाप्रमाणे सगळं पुन्हा मांडतो आणि निमिषात आजच्या चित्रावर येतो. आपल्याला फार तर एखादा झटका दिसतो, हाताखाली मात्र पात्र लगेच हलतं. टोनी कॅनन यांनी 'जीजीपीओ' नावाने ही पद्धत मारामारीच्या गेममध्ये रुजवली, २०१९ मध्ये ती सगळ्यांसाठी खुली केली. ऑल-स्टार ब्रॉलने रोलबॅक पहिल्या दिवसापासून ठेवलं. मोठ्या शहरापासून दूर राहणाऱ्या खेळाडूला याचं मोल सगळ्यांत जास्त आहे. तरी एक सांगतो, रोलबॅक उशीर झाकतं, तुटलेलं नेट जोडत नाही. खबर मध्येच हरवत असेल तर पात्रं इथून तिथे उडी मारल्यासारखी दिसतात.

'मल्टिव्हर्सस'ची गोष्ट या सुरुवातीला मुक्या असलेल्या गेमच्या नेमकी उलट आहे. जुलै २०२२ मध्ये तो सगळ्यांना फुकट खुला झाला. बॅटमॅनला केव्हिन कॉनरॉय यांचा आवाज, शॅगीला मॅथ्यू लिलार्ड यांचा. दोघांनी दोघांशी खेळायचं, जोडीदाराला सावरायचं, ही त्याची नवी कल्पना. त्या वर्षीच्या गेम अवॉर्ड्समध्ये मारामारीचा सर्वोत्तम गेम तोच ठरला. जून २०२३ मध्ये तो बंद करून मे २०२४ मध्ये नव्याने आणला. परतला तेव्हा हालचाल संथ वाटू लागली, पात्रं मिळवायला वेळ नाहीतर पैसा जास्त लागू लागला, लोक पांगले. ३० मे २०२५ ला सर्व्हर बंद झाले. ज्यांनी तोवर उतरवून ठेवला होता त्यांना घरातल्या घरात खेळता येतो, नव्या माणसाला तो आता मिळत नाही.

दूरच्या सर्व्हरवर गेम टेकलेला असणं ही या जातीची सगळ्यांत मोठी कमजोरी आहे, असं मी ठामपणे म्हणतो. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा जिल्ह्यात कितीतरी ठिकाणी वीज आणि मोबाईल अनेक दिवस बंद होते. वीज आधी येते, नेट मागाहून. अशा वेळी एका टीव्हीसमोर दोन कंट्रोलर घेऊन बसता येईल तोच गेम आपला. घेण्याआधी एवढं तरी बघावं की नेट नसताना दोघांना खेळता येतो का.

फक्त फोन असेल तर 'ब्रॉलहल्ला' आहे. फुकट, मोबाईलवर २०२० पासून. बेन टेन, आंग, निन्जा कासवं त्यातही भेटतात, पण ती नुसते पोशाख आहेत. आतला योद्धा जुनाच, खास डावांचं रूप तेवढं बदललेलं. टॉम-जेरीसारखं स्वभावातून उगवलेलं काही तिथे नाही. शिवाय काचेवर अंगठ्याने तिरकी झेप घेणं कठीण जातं, साधा कंट्रोलर जोडला तर फरक पडतो.

राहता राहिली एक उणीव, जी आपल्याकडच्या मुलांनाच जाणवेल. भारतात निकेलोडियनचं निक चॅनेल म्हटलं की मोटू-पतलू आठवतात. 'लोटपोट' या नियतकालिकातून आलेले हे दोघं २०१२ पासून टीव्हीवर आहेत. ऑल-स्टार ब्रॉलच्या दोन्ही भागांत ते नाहीत. त्यांच्यात फटके ठासून भरलेले आहेत. दोघं मिळून एक पात्र करावं. मोटूने सामोसा खाल्ला की जोर येतो हे प्रत्येक पोराला माहीत आहे. तो खायला अर्धा सेकंद, म्हणजे तीस चित्रं लागावीत आणि तेवढा वेळ तो उघडा पडावा. समोरच्याने हेरून त्याच वेळी मारलं तर सामोसा फळीवर पडावा. पतलूने धावत जाऊन तो उचलून आणावा, आणि तेवढ्यात समोरच्याने तो खाल्ला तर जोर त्याला मिळावा.