ज्योतीला न शिवता

विरारहून चर्चगेटला जाणारी जलद लोकल सांताक्रूझला न थांबता धडधडत पुढे जाते, तेव्हा फलाटाच्या खांबांमुळे डब्यात ऊन-सावलीची लुकलुक होते. दोन खांबांमधले अंतर ठाऊक असेल आणि सेकंदाला किती वेळा लुकलुक झाली हे मोजले, तर गाडीचा वेग निघतो. जवळच्याच विमानतळावरून उडालेल्या विमानाच्या इंजिनात ज्योत कशी टिकते, हे शोधायला शास्त्रज्ञ हीच युक्ती वापरतात.

या इंजिनाच्या ज्वलनकक्षात दाबलेल्या हवेत केरोसीनचा बारीक फवारा जळतो. थेंबाचा व्यास दुप्पट झाला तर त्याची वाफ व्हायला चौपट वेळ लागतो. मोठे थेंब अर्धवट जळतात, काजळी धरते. शिवाय सेकंदाला कित्येक मीटर वेगाने येणाऱ्या हवेत ज्योत विझायला हवी! म्हणून हवेला गरगर फिरवतात. भोवऱ्याच्या मध्यावर दाब कमी होतो, तप्त वायू उलटा मागे येतो आणि नव्या फवाऱ्याला पेटवतो. हा उलटा प्रवाह नेमका कुठे आहे, हे कळायलाच हवे.

थर्मोकपल आत घातले तर त्याची दांडी प्रवाह बिघडवते. तापलेले टोक उष्णता बाहेर फेकते, म्हणून तापमानही कमी दाखवते. वाटीभर गरम पाण्यात थंडगार तापमापी बुडवली की पाणीच थोडे निवते, तशातलाच हा प्रकार.

मग प्रकाशच आत पाठवायचा. कक्षाला क्वार्ट्‌झची खिडकी बसवून लेसरचे दोन किरण एकमेकांना छेदू दिले की तेथे उजेड-अंधाराचे पट्टे पडतात. हवेत सोडलेला भुकटीचा कण ते ओलांडताना लुकलुकतो. पट्टे ५ मायक्रॉन अंतरावर आणि वेग सेकंदाला ४० मीटर असेल, तर सेकंदाला ८० लाख वेळा! ये आणि कमिन्स यांनी १९६४ मध्ये लेसरने प्रवाहाचा वेग मोजला, तो पाण्याचा होता.

वर्गात मागच्या बाकावरून हमखास प्रश्न येतो: “सर, गाडी उलटी गेली तरी लुकलुक तेवढीच ना?” प्रश्न बिनतोड आहे. त्यावर उपाय म्हणून पट्ट्यांनाच पळवतात. समोरून येणारा कण जास्त लुकलुकतो, पट्ट्यांबरोबर जाणारा कमी. थेंबावरून विखुरलेला प्रकाश दोन ठिकाणी टिपला, तर त्यांच्या कलांमधल्या फरकावरून थेंबाचा व्यासही कळतो.

अडचण उरते ती फवाऱ्याच्या तोंडाशी. कसारा घाटातल्या धुक्यात मोटारीचे दिवे हरवतात, तसा तिथल्या दाट थेंबांत लेसर हरवतो. आणि कोणता थेंब किती मोठा होणार, हे ठरते तिथेच.