युनिकोड : सरकारी कामकाजातील अक्षरांचा समान पाया

शासकीय कार्यालयातील संगणकावर तयार झालेले एखादे परिपत्रक दुसऱ्या जिल्ह्यातील संगणकावर उघडले असता मजकुराच्या जागी निरर्थक चिन्हांची रांग दिसते, हा अनुभव देशभरातील अनेक कर्मचाऱ्यांनी घेतला आहे. वरवर पाहता हा दोष टंकाचा, म्हणजेच फाँटचा, वाटतो. प्रत्यक्षात तो अक्षर साठविण्याच्या पद्धतीचा आहे आणि त्याचा थेट संबंध नागरिकांच्या माहितीच्या अधिकाराशी पोहोचतो.

संगणक अक्षरे ओळखत नाही; तो केवळ अंक साठवितो. कोणता अंक म्हणजे कोणते अक्षर, याविषयी सर्वत्र एकच संकेत असेल तरच एका यंत्रावरील मजकूर दुसऱ्या यंत्रावर वाचता येतो. इंग्रजीसाठी असा संकेत १९६० च्या दशकातच निश्चित झाला. भारतीय लिपींसाठी मात्र दीर्घकाळ निरनिराळ्या टंकांचा आधार घेण्यात आला. या टंकांत रोमन अक्षराच्या जागी देवनागरी आकार बसविलेला असे. उत्तर भारतातील कार्यालयांत प्रचलित असलेल्या कृतिदेव टंकात ‘भारत’ हा शब्द लिहिला, तर संगणकात एच, के, के, जे, आर ही पाच रोमन अक्षरेच साठविली जात. तो टंक नसलेल्या संगणकावर मग तीच पाच अक्षरे दिसत.

एकसमान संकेताच्या दिशेने

या अडचणीवर उपाय शोधण्याचे प्रयत्न भारतात लवकर सुरू झाले. कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत झालेले संशोधन पुढे पुण्याच्या प्रगत संगणन विकास केंद्राने, म्हणजे सी-डॅकने, विस्तारले. भारतीय लिपींसाठीची इस्की ही संकेतप्रणाली भारतीय मानक ब्युरोने १९९१ मध्ये मानक म्हणून स्वीकारली. सर्व प्रमुख भारतीय लिपींचा उगम ब्राह्मीत असल्याने त्यांची वर्णरचना समान आहे, हे सूत्र तिच्या मुळाशी होते. इनस्क्रिप्ट हा कळफलकही याच सूत्रावर आधारलेला आहे. त्यात स्वर डाव्या हाताकडे व व्यंजने उजव्या हाताकडे असून, मराठीत ‘क’ ज्या कळीवर आहे त्याच कळीवर तो बंगाली वा तमिळमध्येही आढळतो.

१९९१ मध्येच जगातील सर्व लिपींसाठी युनिकोड या संकेताची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली. भारतीय लिपींची त्यातील मांडणी इस्कीच्या आधारे करण्यात आली. मात्र प्रत्येक लिपीला स्वतंत्र विभाग मिळाला. देवनागरीच्या मूळ विभागात १२८ स्थाने असून ‘भ’ या अक्षराचा क्रमांक २३४९ आहे. टंक कोणताही असो, हा क्रमांक बदलत नाही. ई-प्रशासनातील भारतीय भाषांसाठी केंद्र सरकारने २००९ मध्ये युनिकोडची ५.१ ही आवृत्ती मानक म्हणून अधिसूचित केली. मराठीच्या दृष्टीने या आवृत्तीला विशेष महत्त्व आहे, कारण ‘ॲ’ या अक्षराला स्वतंत्र स्थान २००८ मध्ये याच आवृत्तीत मिळाले.

शोध, सूची आणि वाचन

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ नुसार प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने आपले अभिलेख सूचीबद्ध करणे आणि योग्य त्या अभिलेखांचे संगणकीकरण करणे अपेक्षित आहे. माहितीचा प्रसार करताना स्थानिक भाषेचा विचार व्हावा, असेही हे कलम सांगते. परंतु जुन्या टंकातील मजकुरात देवनागरी शब्दाचा शोध लागत नाही, नावांची यादी अकारविल्हे लावता येत नाही. ऱ्हस्व इकाराचे उदाहरण बोलके आहे. जुन्या टंकांत तो दिसतो त्या क्रमाने, म्हणजे व्यंजनाच्या आधी साठविला जाई. युनिकोडमध्ये तो उच्चाराच्या क्रमाने, व्यंजनानंतर साठविला जातो. अंध व्यक्तींना मजकूर वाचून दाखविणाऱ्या संगणकप्रणालींचेही असेच आहे. जुन्या टंकातील सूचना त्यांच्यासाठी केवळ रोमन अक्षरांचा गोंधळ ठरतो. छापील कागदाचे छायाचित्र संकेतस्थळावर ठेवल्यास तेही त्यांना वाचता येत नाही.

संगणकावरील भाषांतर किंवा वाचेचे मजकुरात रूपांतर करण्याच्या सुविधाही युनिकोडवरच अवलंबून आहेत. केंद्र सरकारने २०२२ मध्ये सुरू केलेला भाषिणी हा उपक्रम याच प्रकारचा आहे. ज्या कार्यालयाचे अभिलेख जुन्या टंकांत अडकले आहेत, त्या कार्यालयाला अशा सुविधांचा पुरेसा लाभ मिळणे कठीण आहे.

रूपांतर करताना घ्यावयाची काळजी

जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलणाऱ्या प्रणाली उपलब्ध आहेत. तथापि त्यांच्यावर विसंबून न राहता मानवी तपासणी करणे आवश्यक ठरते. मराठीतील ‘ऱ्य’ हे जोडाक्षर याचे ठळक उदाहरण होय. ते नीट न उमटल्यास ‘शेतकऱ्यांना’ हा शब्द ‘शेतकर्यांना’ असा होतो, आणि शोध घेताना तो सापडत नाही. कधी अर्थच पालटतो : ‘आचार्यांना’ म्हणजे गुरुजनांना, तर ‘आचाऱ्यांना’ म्हणजे स्वयंपाक्यांना. लाभार्थ्यांची नावे, गट क्रमांक आणि रकमा यांची मूळ कागदाशी पडताळणी झाल्याखेरीज रूपांतरित यादी वापरात आणू नये, हे यातून स्पष्ट होते.

मोबाइल संदेश पाठवितानाही या संकेताचे भान ठेवावे लागते. एका लघुसंदेशात इंग्रजीची १६० अक्षरे मावतात. देवनागरीत ही मर्यादा ७० चिन्हांची आहे आणि काना, मात्रा, वेलांटी यांची गणना स्वतंत्र चिन्हे म्हणून होते. त्यामुळे इंग्रजी मसुद्याचे शब्दशः भाषांतर करण्याऐवजी तारीख, स्थळ आणि आवश्यक कागदपत्रे एवढेच सांगणारा मजकूर मुळातूनच मराठीत लिहिणे सोयीचे ठरते.

नागरिकाच्या नावाची नोंद एका कार्यालयात एक आणि दुसऱ्या कार्यालयात दुसरी अशी झाली, तर हेलपाटे त्यालाच घालावे लागतात. अक्षरांचा पाया समान ठेवणे हे म्हणूनच केवळ संगणक विभागाचे काम नाही. टिप्पणी लिहिणाऱ्या लिपिकापासून परिपत्रकावर स्वाक्षरी करणाऱ्या अधिकाऱ्यापर्यंत प्रत्येकाच्या दैनंदिन कामाचा तो भाग आहे.