हप्ता दर महिन्याला, पैसा मात्र हंगामाला

मागच्या आठवड्यात हिंगणीतला एक तरुण आमच्याकडे आला. प्लास्टिकच्या पिशवीत जपून आणलेला आजोबांचा फोटो त्याच्या हातात होता. मधोमध घडी पडलेली, एका डोळ्यावर ओलाव्याचा डाग. घरात आजोबांचा एवढा एकच फोटो! तो नीट करावा आणि जमल्यास गावातल्या लोकांचे जुने फोटो दुरुस्त करून देण्याचा जोडधंदा उभारावा, असे त्याच्या मनात होते. जुना संगणक घेऊन झाला होता. त्याने विचारले, "काकाजी, फोटोशॉप महिन्याच्या हप्त्यानं घेऊ, का एकदाच पैसे देऊन दुसरं काही घेऊ?"

आम्ही पडलो कारकून. चहा झाल्यावर कागद पुढे ओढला.

समजा, महिन्याचा हप्ता ८०० रुपये आहे. वर्षाचे ९,६०० आणि तीन वर्षांचे २८,८०० झाले. एका फोटोचे १०० रुपये मिळाले, तर महिन्यातले पहिले आठ फोटो नुसत्या हप्त्यात जातात. वीज, कागद, शाई त्यानंतर. आता आपल्या गावाकडे हातात पैसा येतो कधी? कापूस-सोयाबीन निघाल्यावर आणि लगीनसराईत. आषाढात फोटो दुरुस्तीला कोण येणार? हप्ता मात्र आषाढातही येतो. घरमालक भाड्यासाठी एखादा महिना दम धरील. येथे हप्ता थकला की थोड्याच दिवसांत कुलूप लागते. फोटो आपल्याकडेच राहतात, पण काम करण्याचे अवजार जाते.

पूर्वी असे नव्हते. फोटोशॉप १९९० साली आले. एकदा पैसे मोजले की ती आवृत्ती वापरायला आपली. २०१२ ची 'सीएस ६' ही अशी शेवटची आवृत्ती. मे २०१३ मध्ये अडोबी कंपनीने जाहीर केले, की यापुढची आवृत्ती वर्गणीवरच मिळेल. शिवाय पैसे महिन्याने कापले गेले तरी करार पुष्कळदा वर्षाचा असतो. मध्येच सोडला तर आकार भरावा लागतो. हा आकार ग्राहकांपासून लपवल्याचा आरोप करून अमेरिकेच्या सरकारने जून २०२४ मध्ये अडोबीवर दावा लावला होता.

पण एकदाच घेतलेले जन्मभर पुरते, असेही नाही. संगणक बदलला, विंडोज बदलले, नव्या कॅमेऱ्याची फाईल आली, की जुने सॉफ्टवेअर अडते. वर्गणीत सुधारणा मिळत राहतात. ज्या स्टुडिओवाल्याकडे बारा महिने काम आहे, त्याला ती परवडते.

नवशिक्यासाठी तिसरी वाट आहे. 'जिम्प' हे सॉफ्टवेअर १९९५ मध्ये कॅलिफोर्नियातील बर्कले विद्यापीठाच्या दोन विद्यार्थ्यांनी सुरू केले. ते विनामूल्य आहे; मार्च २०२५ मध्ये त्याची ३.० आवृत्ती आली. घडी आणि डाग काढण्याची 'क्लोन' व 'हील' ही दोन्ही अवजारे त्यात आहेत. पूर्वी एकदाच पैसे घेऊन मिळणारे 'अफिनिटी' २०२४ मध्ये कॅनव्हा कंपनीकडे गेले आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये विनामूल्य झाले. त्यासाठी कॅनव्हाचे खाते मात्र काढावे लागते. सरळ मार्ग असताना चोरीची प्रत घेऊन संगणकात व्हायरस कशाला आणायचा?

आम्ही त्याला सांगितले : फोटो ६०० डीपीआयवर स्कॅन कर. मूळ स्कॅन 'टिफ' फाईलमध्ये वेगळा ठेव, त्याला हात लावू नकोस. काम नकलेवर कर. सहा महिने जिम्पवर हात बसव आणि वहीत जमाखर्च लिही. सर्वांत मंदीच्या महिन्यातही हप्ता निघून चार पैसे उरत असतील, तरच वर्गणी घे. चांगल्या महिन्याकडे पाहून हप्ता बांधणारा माणूस वाईट महिन्यात कर्ज काढतो.

वाचकहो, आपल्याही घरात एखादे मूल संगणकापुढे बसून असा धंदा मांडू पाहत असेल. त्याला नाउमेद करू नका. मात्र खात्यातून दरमहा पैसे कापण्याची परवानगी देण्यापूर्वी त्याच्या शेजारी बसा आणि विचारा : करार किती महिन्यांचा? मध्येच सोडला तर किती भरायचे? आणि आषाढात हे पैसे कोठून येणार?