परगांवचें लग्न आणि यजमानाचें कर्तव्य

हल्लीं सुशिक्षित घरांतून विवाह आपल्या गांवीं न करितां एखाद्या रम्य स्थळीं, समुद्रतीरीं अथवा डोंगरमाथ्यावर, करण्याची चाल पडत चालली आहे. तरुण मंडळी तिला 'डेस्टिनेशन वेडिंग' म्हणतात. आम्ही परगांवचें लग्न म्हणतों. या चालीस नांवें ठेवण्याकरितां आम्हीं लेखणी हातीं घेतलेली नाहीं. लग्नासाठीं प्रवास करणें आपल्याकडे मुळींच नवें नाहीं. आगगाडी येण्यापूर्वीं वऱ्हाड बैलगाड्यांतून दोन-दोन दिवस प्रवास करी. वधूपक्ष वेशीपर्यंत सामोरा जाई, वराचे पाय धुवून पूजा करी आणि मग सर्वांस जानवसघरीं उतरवी. सीमांतपूजन आज कार्यालयांतच थोडक्यांत उरकतें. पण दुरून आलेल्याचा शीण आपल्या सीमेवर आपण उतरवून घ्यावयाचा, हा हेतु त्याच्या नांवांतच उघड आहे.

मग नव्या चालींत फरक कोणता? पूर्वीं एक पक्ष प्रवासी असे आणि दुसरा आपल्या घरीं राहून त्याची व्यवस्था पाही. आतां दोन्ही पक्ष प्रवासी. घर कोणाचेंच नाहीं. शेजारीं हक्कानें भांडें मागावें असें दार नाहीं, ओळखीचे डॉक्टर नाहींत, अडल्या वेळीं चार माणसें निजतील असा चुलत्याचा माळा नाहीं. पूर्वीं जें सारें गांव सांभाळून घेई, तें आतां यजमानानें आधीं विचार करून सांभाळावयाचें. हा विचार कसा करावा, हें पुण्या-मुंबईकडील एखाद्या कुटुंबानें गोव्यास विवाह योजिला आहे असें धरून येथें मांडतों.

आधीं माणसें, मग स्थळ

बहुतेक चुकांचें मूळ एकच असतें. स्थळ प्रथम ठरतें, विसार दिला जातो, आणि माणसें मागाहून मोजलीं जातात. हा क्रम उलटा हवा. ज्यांच्यावांचून कार्य अपुरें वाटेल अशा दहा माणसांचीं नांवें प्रथम कागदावर लिहावीं. त्यांत आजी असेल, गुडघ्यांनीं अधू झालेली आत्या असेल, तान्हें मूल असलेली भाची असेल, आणि घरांत वीस वर्षें पोळ्या करीत आलेल्या बाईही असाव्या. मोबाईलवरील समूहांत सर्वांस एकच निरोप धाडून हें काम होत नाहीं. प्रत्येकाकडे जाऊन विचारावें, "काकू, गोव्याचें मनांत आहे. रात्रभरची गाडी तुम्हांला सोसेल का? बरोबर कोण असलें म्हणजे बरें वाटेल?" या दहांपैकीं तिघांची अडचण दिसली तर स्थळ बदलावें. विसार दिल्यावर हा प्रश्न विचारण्यांत अर्थ नसतो. तेव्हां उत्तर कांहींही आलें तरी निर्णय फिरत नाहीं, हें विचारणाऱ्यास आणि उत्तर देणाऱ्यास दोघांसही ठाऊक असतें.

येथें एक नाजूक गोष्ट सांगणें अवश्य आहे. एकत्र कुटुंबांत सर्वांची मिळकत सारखी नसते. चार माणसांचें जाण्या-येण्याचें भाडें, दोन दिवसांची रजा, प्रसंगास शोभेलसे कपडे आणि वर आहेर, हा भार कित्येक घरांस पेलत नाहीं. तसें कोणी तोंडानें बोलत नाहीं. "प्रकृति बरी नाहीं, येथूनच आशीर्वाद" एवढाच निरोप येतो. यजमान तो खरा मानून गप्प बसतो आणि नात्यांत एक अदृश्य गांठ पडते. यावर उपाय यजमानाच्याच हातीं आहे. प्रवासाचा खर्च घरापासून घरापर्यंत आमचा, आणि आहेर स्वीकारला जाणार नाहीं, हें आमंत्रणाबरोबरच सर्वांस सांगावें. कोणा एकासच तसें सांगितल्यास तो उपकार होतो. सर्वांस सांगितल्यास ती रीत होते. एवढा खर्च झेपत नसेल तर माणसें कमी न करितां अंतर कमी करावें.

काळाचा विचार

आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत आपल्याकडे विवाह होत नाहींत. तुळशीचें लग्न झालें कीं मुहूर्तांची गर्दी उसळते, आणि गोव्यांत प्रवाशांचा हंगामही तेव्हांच सुरू होतो. नाताळ व इंग्रजी वर्षारंभ यांमधील आठवडा तर सर्वस्वीं टाळावा. त्या दिवसांत खोली, वाहन व तिकीट हीं तिन्ही महाग आणि दुर्मिळ. ज्येष्ठांतील मुहूर्त धरल्यास पावसाची गांठ पडते. जूनच्या पहिल्या पंधरवड्यांतच गोव्यांत पाऊस लागतो, आणि त्यानंतर लवकरच कोंकण रेल्वेचें पावसाळी वेळापत्रक चालू होऊन गाड्या मुद्दाम सावकाश चालविल्या जातात.

मुहूर्ताच्या घटकेविषयींही सावध असावें. पुणें व पणजी जवळजवळ एकाच रेखांशावर असल्यामुळें गोव्यास फारसा फरक पडत नाहीं. परंतु कोणी काशीस विवाह योजिल्यास तेथील स्थानिक वेळ पुण्याहून सुमारें ३६ मिनिटें पुढें असते. पुण्याचें पंचांग पाहून काढलेली लग्नघटका तेथें जशीच्या तशी लावूं नये. उपाध्यायांस स्थळ सांगूनच ती काढून घ्यावी.

समुद्रकांठीं बोहलें घालावयाचें तर भरतीचा हिशेब हवा. कोंकणांतील जुनीं माणसें तिथीच्या पाऊणपट वाजतां पूर्ण भरती धरतात. त्या स्थूल मानानें पौर्णिमेस सव्वाअकराच्या सुमारास पाणी भरतें, आणि त्यांतही उधाणाचें. दुपारच्या मुहूर्तावर वऱ्हाडाच्या पायांखालीं लाट येणें हें अक्षतांच्या वेळीं शोभत नाहीं. म्हणून बंदराचें भरतीचें कोष्टक पाहून जागा धरावी. किनाऱ्यावर मांडव घालण्यास जागेच्या मालकाची संमति पुरत नाहीं, किनारा-नियमनाची सरकारी परवानगीही लागते. आणि उघड्यावर ध्वनिवर्धक रात्रीं १० नंतर बंद, हा २००० सालचा नियम तेथेंही आहेच.

प्रवासाचा विचार

रेल्वेचें आगाऊ आरक्षण पूर्वीं १२० दिवस आधीं होई. १ नोव्हेंबर २०२४ पासून ती मुदत ६० दिवसांवर आली आहे. एका तिकिटावर सहांहून अधिक नांवें बसत नाहींत. म्हणजे ८० माणसांस निदान १४ तिकिटें काढावीं लागतील, आणि तींही आरक्षण उघडतांच. घरांतील दोघां-तिघां तरुणांस आधींच याद्या वांटून द्याव्या. प्रत्येकाचें नांव व वय ओळखपत्राप्रमाणें लिहून ठेवावें. संपूर्ण डबा आरक्षित करण्याचीही सोय आहे. तिला अनामत भरावी लागते व अर्ज निदान महिनाभर आधीं करावा लागतो. मोठ्या वऱ्हाडानें तिचा विचार अवश्य करावा.

वृद्धांचें तिकीट मात्र मोठ्या घोळक्यांत काढूं नये. साठीवरील पुरुष व पंचेचाळिशीवरील स्त्रिया यांस खालची जागा मिळावी म्हणून रेल्वेनें वेगळा वांटा ठेवला आहे. पण एका तिकिटावर एक किंवा दोनच प्रवासी असतील तरच त्याचा लाभ होतो. आजी व आत्या यांचें तिकीट दोघींचें वेगळें काढावें आणि त्याच डब्यांत जवळपास एखाद्या नातवाची जागा धरावी. सहांच्या तिकिटांत त्यांचीं नांवें घातल्यास वरची जागा मिळून गुडघेदुखीच्या बाईस रात्रीं शिडी चढण्याचा प्रसंग यावयाचा.

विमानानें जाणाऱ्यांकरितां एक सूचना फार महत्त्वाची आहे. गोव्यांत आतां विमानतळ दोन आहेत. जुना दाबोळीचा, वास्कोजवळ. आणि जानेवारी २०२३ पासून वाहतुकीस खुला झालेला मोप्याचा, उत्तरेस पेडणें तालुक्यांत. दोहोंमध्यें पन्नास-साठ किलोमीटरांचें अंतर आहे. तिकिटावर दोहोंसही गोवा असेंच म्हणत असल्यानें पुष्कळांची फसगत होते. काणकोणच्या किनाऱ्यावर लग्न असतां मोप्यास उतरलेल्या पाहुण्यास अवघा गोवा उत्तर-दक्षिण ओलांडावा लागतो. रेल्वेचेंही तसेंच: बारदेशांतील कार्यास थिवीस उतरावें, सासष्टींतील कार्यास मडगांवास. म्हणून निमंत्रणपत्रिकेंत नुसतें 'गोवा' न छापतां उतरण्याचें स्टेशन व विमानतळ नांवानिशीं छापावें. तेथें आपला माणूस हातीं यादी घेऊन उभा असावा. आजच्या काळचें खरें सीमांतपूजन तेंच होय.

साहित्य, विधि आणि अन्न

विमानांतून जातांना विधीच्या साहित्याची पंचाईत होते. सुकें खोबरें तेलकट व पेट घेणारें म्हणून सामानांत चालत नाहीं. काड्यापेटी व कापूर यांचेंही तेंच. ओटीचें व होमाचें असें साहित्य गोव्यांतच सांगून ठेवावें. अंतरपाट, मुंडावळ्या, मंगळसूत्र व वधूची अष्टपुत्री या वस्तु मात्र हातच्या पिशवींत घ्याव्या. मोठ्या पेटीबरोबर त्या दुसऱ्या गांवीं गेल्या तर मुहूर्त थांबत नाहीं.

सगळेच विधि परगांवीं न्यावे असें नाहीं. नांदीश्राद्ध विवाहापूर्वीं दहा दिवसांच्या आंत करतां येतें, आणि तें झाल्यावर येणारें अशौच कार्याच्या आड येत नाहीं, असें शास्त्रकार मानतात. तेव्हां उपाध्यायांच्या विचारानें ग्रहमख व नांदीश्राद्ध घरींच करावें. यांत दुहेरी हित आहे. परगांवचा भार हलका होतो, आणि ज्या थकल्या माणसांस गोवा गांठणें खरोखरच अशक्य आहे त्यांच्या डोळ्यांसमोर मंगलकार्याचा आरंभ होतो. आजीच्या हातची अक्षत मुलीच्या मस्तकीं घरींच पडते. तरीही एखादें अशौच वा आजारपण नांदीपूर्वींच उद्भवूं शकतें. म्हणून दिवस पुढें ढकलल्यास विसारापैकीं किती परत मिळेल, हें करारांत लिहून घेतल्याखेरीज सही करूं नये.

अन्नाविषयीं थोडें. बहुतेक हॉटेलें बाहेरच्या आचाऱ्यास स्वयंपाकघरांत शिरूं देत नाहींत. त्यांच्या आचाऱ्याकडून वरण-भात, अळूची भाजी, मसालेभात व मठ्ठा हे पदार्थ निदान एकदां आधीं करवून पाहावे. पथ्याचीं व उपवासाचीं माणसें मोजून लेखी द्यावीं. होमाचा अग्नि बंद दालनांत पेटवूं देतात कीं नाहीं, हेंही विसार देण्यापूर्वींच विचारावें.

कायद्याचा भागही विसरूं नये. गोव्यांत १८६७ च्या पोर्तुगीज नागरी कायद्याचा अंमल कुटुंबविषयक बाबतींत अद्यापि आहे. तेव्हां विवाहाची नोंद कोठें व कशी करावयाची, हें वकिलास आधींच विचारावें. विशेष विवाह कायद्यानें नोंदणीविवाह करणाऱ्यांनीं तर ध्यानांत ठेवावें कीं, वधूवरांपैकीं एकाचें त्या जिल्ह्यांत नोटिशीपूर्वीं ३० दिवस वास्तव्य लागतें व नोटिशीनंतर आणखी ३० दिवस थांबावें लागतें. दोन दिवसांच्या सहलींत तो विवाह होत नाहीं.

शेवटची सूचना

दर दहा पाहुण्यांमागें घरचा एक जबाबदार माणूस नेमावा. त्याजवळ त्या दहांचीं औषधें, गाड्यांच्या वेळा, जवळच्या रुग्णालयाचा पत्ता आणि परतीचीं तिकिटें असावीं. वधूच्या आईस व वराच्या आईस यांपैकीं एकही काम देऊं नये. त्यांनीं त्या दिवशीं फक्त व्याही-विहिणींकडे पाहावें.

विवाहाच्या संकल्पांत उपाध्याय प्रथम देश व काल यांचा उच्चार करितात, आणि मगच कर्माचा. आपण कोठें आहों व केव्हां आहों हें निश्चित जाणल्यावांचून कार्यास हात घालूं नये, असेंच जणु पूर्वजांस सुचवावयाचें होतें. परगांवचें कार्य योजणाऱ्यानें त्यांत एक तिसरा शब्द मनांतल्या मनांत जोडावा: आपल्या यादींतील सर्वांत थकलेल्या माणसाचें नांव. तें माणूस सुखरूप आलें, पंक्तीस पोटभर जेवलें आणि आपल्या घरीं परत पोंचलें, म्हणजे यजमानाचें कार्य सिद्धीस गेलें असें समजावें.