विजेची मोटार कोणाच्या फुफ्फुसांसाठी?

विजेवर चालणारी मोटार घ्यावी की नाही, याची चर्चा घरोघरी होते ती तीन मुद्द्यांवर: किंमत किती, एका चार्जिंगमध्ये किती किलोमीटर जाते आणि बॅटरी किती वर्षे टिकते. आरोग्याचा विषय निघालाच तर मते दोन टोकांची असतात. काहींना वाटते, धूर नाही म्हणजे तब्येतीला चांगलीच. काहींना वाटते, एवढ्या मोठ्या बॅटरीवर बसून रोज प्रवास केला तर शरीरावर काहीतरी परिणाम होणारच. घरात पेसमेकर बसवलेले आजोबा असतील, तर खरेदीचा बेत तिथेच अडतो. या दोन्ही समजुती एकदा नीट तपासून पाहायला हव्यात.

फायदा कोणाला?

पेट्रोल किंवा डिझेल जळते तेव्हा नळकांड्यातून नायट्रोजनचे ऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड आणि अतिसूक्ष्म कण बाहेर पडतात. यातील पीएम २.५ हे कण माणसाच्या केसाच्या जाडीच्या साधारण पंचविसाव्या भागाइतके किंवा त्याहून बारीक असतात. नाकातील केस आणि घशातील चिकट स्राव त्यांना पुरेसे अडवू शकत नाहीत. ते फुफ्फुसांच्या वायुकोशांपर्यंत पोहोचतात आणि त्यांतील सर्वांत बारीक कण रक्तातही शिरतात. त्यामुळे दम्याबरोबरच हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात यांचाही धोका वाढतो. डिझेलचा धूर कर्करोगाला कारण ठरतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये जाहीर केले. पीएम २.५ची वार्षिक सरासरी घनमीटरला ५ मायक्रोग्रॅमच्या वर नसावी, असे ही संघटना २०२१ पासून सांगते. भारतातील मानक ४० मायक्रोग्रॅमचे, म्हणजे आठपट सैल आहे.

विजेच्या मोटारीला नळकांडेच नाही, त्यामुळे हा धूर रस्त्यावर येत नाही. पण त्याचा लाभ सर्वांत आधी कोणाला मिळतो? गाडीच्या मालकाला नव्हे. त्याच्या केबिनमध्ये येणारी हवा पुढच्या ट्रकने आणि शेजारच्या टेम्पोने सोडलेलीच असते. खरा लाभ चौकात आठ तास उभ्या असणाऱ्या वाहतूक पोलिसाला, फुटपाथवरच्या भाजीवालीला, रिक्षाचालकाला आणि रस्त्यालगतच्या शाळेतील मुलांना होतो. मुलांचे नाक नळकांड्याच्या उंचीच्या जवळ असते आणि वजनाच्या मानाने ती मोठ्यांपेक्षा जास्त हवा आत घेतात.

अमेरिकेतील कॅलिफोर्नियात २०१३ ते २०१९ या काळातील नोंदींचा अभ्यास झाला. ज्या भागात दर हजार लोकसंख्येमागे २० धूरविरहित गाड्या वाढल्या, तिथे दम्यासाठी तातडीच्या विभागात येणाऱ्यांचे प्रमाण ३.२ टक्क्यांनी कमी दिसले. असा अभ्यास कार्यकारणभाव सिद्ध करत नाही, पण दिशा दाखवतो. शिवाय हा फरक एका गाडीने पडलेला नाही. तो अनेकांनी मिळून गाड्या बदलल्यावर पडला.

मालकाला थेट मिळणारा एक फायदा मात्र आहे. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून, एसी लावून गाडीत झोपलेल्या माणसांचा गुदमरून मृत्यू झाल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. कार्बन मोनॉक्साइड ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पटींनी घट्टपणे हिमोग्लोबिनला चिकटतो, त्याला ना रंग ना वास. विजेच्या मोटारीत हा धोका नाही.

मग धूर जातो कुठे?

भारतातील जवळपास तीन चतुर्थांश वीज आजही कोळशापासून तयार होते. पुण्यात किंवा ठाण्यात मोटार चार्ज होते, तेव्हा त्या विजेचा काही भाग चंद्रपूर किंवा कोराडीच्या औष्णिक केंद्रातून आलेला असू शकतो. एकट्या चंद्रपूर केंद्राची क्षमता २९२० मेगावॅट आहे. तिथली राख आणि गंधकाचे वायू परिसरातील माणसांच्याच श्वासात जातात. म्हणजे शहरातला धूर कमी होताना त्याचा काही वाटा विदर्भाच्या पदरात पडतो.

तरीही दोन्ही धूर सारखे नाहीत. उंच चिमणीतून निघालेला धूर जमिनीवर येईपर्यंत बराच पातळ होतो. गाडीचा धूर मात्र गर्दीच्या रस्त्यावर, थेट नाकाशी सोडला जातो. आरोग्याच्या दृष्टीने किती धूर निघाला याइतकेच तो किती माणसांच्या श्वासात गेला हेही महत्त्वाचे असते. या निकषावर गजबजलेल्या शहरात विजेची मोटार सरस ठरते. घराच्या छतावर सौर पॅनेल असेल आणि गाडी दिवसा चार्ज करता येत असेल, तर हे पारडे आणखी जड होते.

टायर आणि ब्रेक यांची धूळ दोन्ही प्रकारच्या गाड्यांत असते. बॅटरीमुळे विजेची मोटार तेवढ्याच आकाराच्या पेट्रोल गाडीपेक्षा बरीच जड असते, म्हणून टायर जास्त झिजू शकतात. उलट वेग कमी करताना मोटारच वीज परत बॅटरीत भरते, त्यामुळे ब्रेक कमी झिजतात. तेव्हा गरजेपेक्षा मोठी, जडशीळ गाडी घेतली तर मिळालेला फायदा काही अंशी धुळीतच जातो.

पेसमेकर आणि लहरींची भीती

जर्मनीतील म्युनिक येथे पेसमेकर किंवा तत्सम उपकरण बसवलेल्या १०८ रुग्णांना चार वेगवेगळ्या विजेच्या मोटारींत बसवून, त्या चालवायला आणि चार्ज करायला लावून तपासण्यात आले. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात एकाही उपकरणाच्या कामात अडथळा आढळला नाही. पुढे २०२३ मध्ये शक्तिशाली जलद चार्जरवर १३० रुग्णांची चाचणी झाली. निष्कर्ष तोच आला. चुंबकीय क्षेत्र त्यातल्या त्यात जास्त असते ते चार्जिंगच्या केबलजवळ. म्हणून चार्जिंग सुरू असताना केबल छातीशी धरून किंवा तिला टेकून उभे राहू नये, एवढी काळजी पुरे. उपकरण कोणते आहे, हे आपल्या हृदयरोगतज्ज्ञांना दाखवून शंका फेडून घेता येते.

या गाडीतील चुंबकीय क्षेत्र क्ष-किरणांच्या जातीचे नसते. क्ष-किरण पेशींतील रेणू तोडू शकतात, हे क्षेत्र ते करू शकत नाही. या भीतीपोटी खरेदी नाकारण्याचे कारण नाही.

त्रास होतो तो इथे

खरी तक्रार वेगळीच असते. मागच्या सीटवरील माणसाला मळमळते. गाडी लागणे म्हणजे कानातील तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेने आणि डोळ्यांनी मेंदूला वेगवेगळा निरोप देणे. पेट्रोल गाडीत इंजिनाच्या आवाजावरून वेग वाढणार की कमी होणार, हे शरीराला आधी कळते. विजेच्या मोटारीत ती सूचना मिळत नाही आणि चालकाने पॅडलवरून पाय उचलताच गाडी एकदम मंदावते. उपाय सोपा आहे: ब्रेकमधून वीज परत घेण्याची पातळी कमीत कमी ठेवावी, त्रास होणाऱ्याला पुढे बसवावे आणि मोबाइलऐवजी बाहेर पाहू द्यावे. खरेदीआधीच्या चाचणी फेरीत अशा व्यक्तीला सोबत न्यावे आणि मागच्या सीटवर बसवून पाहावे.

आवाज नसणे रुग्णालयाजवळ वरदान असले, तरी सोसायटीच्या आवारात खेळणारी मुले, वृद्ध आणि अंध व्यक्ती यांना मागून येणारी गाडी कळत नाही. युरोपीय संघात २०२१ पासून प्रत्येक नव्या विजेच्या मोटारीला कमी वेगात कृत्रिम आवाज करणे बंधनकारक आहे. आपण घेत असलेल्या गाडीत ही सोय आहे का, हे विचारून घ्यावे.

आग क्वचित लागते, पण लागली तर विझवायला अवघड असते. धुरात हायड्रोजन फ्लोराइडसारखे विषारी वायू असतात. म्हणून स्वतः विझवण्याच्या फंदात न पडता लांब व्हावे आणि अग्निशमन दलाला १०१ वर कळवावे. चार्जिंगसाठी स्वतंत्र जोडणी, योग्य अर्थिंग आणि त्या भाराला पेलणारी वायर हवी. खिडकीतून लोंबकळणारी एक्स्टेन्शन बोर्डची वायर नको. पावसाळ्यात पुराच्या पाण्यात उभी राहिलेली गाडी तंत्रज्ञाने तपासल्याशिवाय सुरू किंवा चार्ज करू नये.

किलोमीटरचा हिशेब

बॅटरी बनवतानाच बराच कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. ३० युनिट क्षमतेच्या बॅटरीसाठी तो ढोबळमानाने अडीच ते तीन टन धरता येईल. छोट्या विजेच्या मोटारीला १०० किलोमीटरला सुमारे १५ युनिट लागतात आणि भारतात एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे साडेदहा किलो. लिटरला १५ किलोमीटर जाणारी पेट्रोल गाडी तेवढ्याच अंतरात सुमारे १५ किलो सोडते. शंभर किलोमीटरमागे बचत साधारण पाच किलो. म्हणजे बॅटरीचे देणे फिटायला ५० ते ६० हजार किलोमीटर लागतात.

महिन्याला हजार किलोमीटर फिरणाऱ्याला हा टप्पा चार-पाच वर्षांत गाठता येतो. केवळ रविवारी सहलीला गाडी काढणाऱ्याला, महिना अडीचशे किलोमीटरच्या हिशेबाने, सतरा ते वीस वर्षे लागतील. म्हणूनच टॅक्सी, रिक्षा, मालवाहू टेम्पो आणि बेस्ट, पीएमपीएमएलसारख्या बस विजेवर आल्या तर रस्त्यावरच्या फुफ्फुसांना सर्वाधिक दिलासा मिळतो.

तेव्हा शोरूममध्ये जाण्यापूर्वी मागच्या तीन महिन्यांचे किलोमीटर मोजावेत. रोजचे अंतर मोठे असेल, घरी सुरक्षित चार्जिंग होणार असेल आणि ही गाडी जुन्या गाडीच्या जागी येणार असेल, तर निर्णय आरोग्याच्या बाजूने आहे. घरात एक गाडी असताना दुसरी म्हणून येणार असेल, तर रस्त्यावर एक वाहन वाढते, इतकेच. आणि दीड-दोन किलोमीटरवरच्या कामासाठी चालत जाण्याला कोणत्याही बॅटरीची जोड लागत नाही. मालकाच्या हृदयाला थेट लाभ तिथेच आहे.